शालिकरामांचं सरळ स्टेरिंग

शालिकराम गजभिये सहसा कुणाशी भांडत नसत, पण त्यांच्या गाडीला कुणी वाकडी म्हटलं की माणूस बदलायचा. गाडी म्हणजे कामठी रोडवरच्या गोपाळराव हटवारांच्या राईस मिलचा ट्रक. रामटेककडून धान आणायचं आणि मिलमधला तांदूळ नागपुरात पोचवायचा, एवढंच त्याचं काम. वर्षानुवर्षं त्या ट्रकच्या स्टेरिंगला शालिकरामांखेरीज कुणाचा हात लागला नव्हता, आणि ज्यांचा चुकून लागला ते थेट डावीकडच्या धानाच्या बांधीत उतरले. एक क्लिनर उतरला, एक मिस्त्री उतरला, आणि एकदा हौस म्हणून खुद्द गोपाळरावांचे जावई उतरले, तेही पांढऱ्या सफारीत. चिखलातून वर येताना प्रत्येकाची तक्रार एकच, की गाडी डावीकडे ओढते. शालिकरामांचं उत्तरही ठरलेलं.

"गाडी नाही ओढत जी. तुमाले चालवता येत नाही."

ते खोटं बोलत होते असंही नाही. त्यांच्या हाती येण्याआधीच तो ट्रक कधीतरी कुठल्याशा पुलाच्या कठड्याला धडकला होता आणि तेव्हापासून त्याचं तोंड डावीकडे होतं. शालिकराम पहिल्या दिवसापासून स्टेरिंग उजवीकडे दाबून धरत आले. सुरुवातीला खांदा दुखला असेल, मग दुखायचा थांबला, आणि पुढे दाबून धरणं म्हणजेच सरळ धरणं, असं हातांनी परस्पर ठरवून टाकलं. शालिकरामांना विचारायची तसदीही घेतली नाही. हातांना एवढी मुभा दिली की ते असंच करतात.

इंदोरा या नागपूरच्या वस्तीतल्या त्यांच्या गल्लीत सकाळी जाणारा-येणारा माणूस "जय भीम, ड्रायव्हरसाहेब" म्हणायचा. त्यात शालिकरामांना जेवढं सुख होतं त्याच्या दुप्पट त्यांच्या बायकोच्या, जिजाबाईंच्या, नावात होतं. मास्तराच्या बायकोला मास्तरीणबाई म्हणतात, तशा त्या ड्रायव्हरीणबाई. नळावर सिंधूताई डोंगरे ओरडायच्या, "सरका वं, ड्रायव्हरीणबाईची गुंडी लावू द्या," आणि जिजाबाई पाण्याची गुंडी नळाखाली लावायच्या. ट्रकमध्ये मात्र त्या कधी बसल्या नव्हत्या. मिलच्या गाडीत बायामाणसं बसवायची नाहीत असा गोपाळरावांचा नियम होता, आणि शालिकराम नियम मोडणाऱ्यांतले नव्हते.

मग तो ट्रक भंगारात गेला आणि गोपाळरावांनी नवा घेतला. नारळ फुटला, हार पडला, शालिकरामांनी गाडी गेटबाहेर काढली आणि सरळ रस्ता ओलांडून समोरच्या कवेलूच्या, म्हणजे छपरावरच्या कौलांच्या, ढिगात नेऊन घातली. उजवीकडे. लोकांना वाटलं ब्रेक लागला नसेल. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच ढिगात गेले. कवेलूवाला शहाणा निघाला, त्यानं रातोरात ढीग हलवला, तर तिसऱ्या सकाळी शालिकराम त्याच्या खाटेपर्यंत पोचले. सुदैवानं तो खाटेवर नव्हता, मुखारी करत उभा होता. दातवण तोंडात तसंच धरून त्यानं गोपाळरावांना जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गोपाळराव तापट नव्हते, पण कवेलू रोज फुटावेत एवढे थंडही नव्हते. "शालिक," ते म्हणाले, "तुझे हात वाकडे झाले गा. सध्या गेटवर बस. सीझनमध्ये धान निघालं का गाडी दिवसरात्र चालते, मले दुसरा ड्रायव्हर लागनच. तोपर्यंत हात सरळ कर. मंग पाहू."

ट्रकवर वसंत नावाचा नवा ड्रायव्हर आला आणि शालिकराम गेटवर स्टूल टाकून बसले. दिवसाचं काम काय, तर वसंत आला की गेट उघडायचं आणि गेला की लावायचं. ही बातमी इंदोऱ्यात त्यांच्या आधी पोचली. लोकांनी वाईट काहीच केलं नाही, तेच जास्त वाईट झालं. "जय भीम" म्हणायचे आणि पुढचा शब्द गिळायचे. नळावर सिंधूताईंनी "सरका वं" एवढं म्हटलं आणि त्यांचं गाडं अडलं. आता हिला काय म्हणावं? गेटमनीणबाई?

"ड्रायव्हरीणच म्हना," जिजाबाईंनी गुंडी लावत सांगितलं. "मी काही गेटवर नाही बसली."

घरी येऊन त्यांनी हे हसत सांगितलं. शालिकरामांना हसू आलं नाही. ते ओट्यावर बसून आपल्या हातांकडे पाहत राहिले. वाकडे कुठं होते? बोटं सरळ होती, मनगटं सरळ होती. पोळ्याचा सण तोंडावर होता, म्हणजे धान निघायला दिवाळी उजाडणार. तोवर सरळ करायचे म्हणजे नेमकं काय करायचं, हेच कुणी सांगितलं नव्हतं. गोपाळरावांच्या ओळखीच्या एका वैद्यानं तेल दिलं. खांद्याला वास आला, बाकी काही नाही.

गेटमनला मिलची वरकामंही करावी लागत. धरमपेठेत शोभाताई देशकरांकडे दर महिन्याला तांदळाचा कट्टा, म्हणजे छोटं पोतं, जायचा, तो आता शालिकराम सायकलवरून पोचवू लागले. शोभाताईंचं आइस्क्रीमचं दुकान होतं आणि दुकानाच्या कोपऱ्यात एक मशीन होतं. कुठल्याशा बंद पडलेल्या प्रदर्शनातून त्यांच्या भावानं ते उचलून आणलं होतं. एक काचेची पेटी. आत कापडी पट्ट्यावर रंगवलेला रस्ता गोल गोल फिरायचा. त्या रस्त्यावर तारेनं धरलेली पत्र्याची लाल मोटार, आणि पेटीबाहेर खऱ्या मोटारीचं वाटावं असं स्टेरिंग. नाणं टाकलं की दिवा लागायचा. मोटार रस्त्याबाहेर गेली की घंटी वाजायची, आणि तीन घंट्या झाल्या की दिवा जाऊन खेळ संपायचा.

"शालिकरामजी, तुम्ही ड्रायव्हर ना?" शोभाताई म्हणाल्या. "जरा बसून बघा बरं याच्यावर."

ड्रायव्हर हा शब्द कितीतरी दिवसांनी कानावर पडला होता. शालिकराम टोपी सारखी करून बसले. दिवा लागला आणि मोटार तडक उजवीकडे गेली. घंटी, घंटी, घंटी. दिवा गेला. आइस्क्रीम खाणारी कॉलेजची पोरं फिदीफिदी हसली.

"यात जानच नाही जी," शालिकराम घाम पुसत म्हणाले. "स्टेरिंग हाताले लागतच नाही."

"सगळे तेच म्हणतात, खरी गाडी वाटत नाही. आणि मुख्य म्हणजे याचा प्ले फार आहे. तेवढा प्ले कमी करून द्या तुम्ही."

आता इथं थोडं थांबून दोन्ही बाजू सांगायला हव्यात. शोभाताईंच्या मनात होता तो खेळ. हाताला काहीच जोर लागत नसल्यानं पोरं सरावली होती, एका नाण्यात बसायची ती उठायचीच नाहीत, आणि रांगेत उभ्या असलेल्यांचं आइस्क्रीम वितळून फरशीवर यायचं. त्यांना खेळ लवकर संपायला हवा होता. पण ट्रकवाल्यांच्या भाषेत प्ले म्हणजे स्टेरिंगचा ढिलेपणा, चाक न वळता स्टेरिंग जितकं नुसतं हलतं तितका. शालिकरामांनी तेच ऐकलं आणि मनापासून मान डोलावली. बाईंना गाडीतलं बरंच कळतं असंही त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते सायकलची जुनी ट्यूब घेऊन आले. तिच्या पट्ट्या कापल्या, मशीनचं मागचं फळकूट उघडलं, स्टेरिंगच्या दांड्याला पट्ट्या बांधल्या आणि दुसरी टोकं पेटीला खिळवली. एक बांधून बसून पाहिलं. अजून हलकं. दुसरी बांधली, तिसरी बांधली. पाचव्या पट्टीला स्टेरिंगमध्ये जीव आला. हात ओळखीच्या जागी गेल्यासारखे वाटले, आणि लाल मोटार रस्त्याच्या मधोमध, पांढऱ्या रेघेवरून, एकही घंटी न वाजवता पळू लागली. शालिकरामांचे डोळे भरून आले. हात कुठं वाकडे झाले होते?

त्या संध्याकाळपासून मशीनवर बसणाऱ्या पोरांची मोटार डावीकडे जाऊ लागली. नाणं पडायचं, तीन घंट्या व्हायच्या, दिवा जायचा, पुढचा. शोभाताईंना एवढा लहान प्ले स्वप्नातही वाटला नव्हता. "शालिकरामजी, कमाल केलीत," त्या म्हणाल्या, आणि शालिकरामांनी नम्रपणे सांगितलं, की प्ले काढणं काही कठीण नसतं, नट कुठं ढिला आहे ते कळलं पाहिजे. दोघंही खूश होते आणि दोघांनाही एकमेकांचं काहीही कळलं नव्हतं.

आठवडा गेला. मग एक दिवस ते मशीन बघायला आले तेव्हा शोभाताईंनी त्यांना थांबवलं. "पोरं म्हणून राहिली की मशीन डावीकडे ओढतं."

"नाही ओढत जी. पोराईले चालवता येत नाही."

"सगळ्यांनाच येत नाही? मी स्वतः बसले काल. मलाही नाही आलं."

"तुमाले तं कसं येईल," शालिकराम समजुतीनं म्हणाले, बसले, आणि मोटार रेघेवरून नेऊन दाखवली.

शोभाताईंनी मागचं फळकूट काढलं आणि त्यांना हातानं बोलावलं. "इकडं या. हे रबर कुठल्या बाजूला आहे?"

शालिकराम वाकले. पाचही पट्ट्या एकाच बाजूला होत्या. उजवीकडं एकही नाही. सगळ्या दांड्याला डावीकडं खेचत ताणून उभ्या होत्या, आणि त्या कुणी दुसऱ्यानं बांधल्या नव्हत्या. कुणीही न सांगता, मधोमध समजून, एकामागून एक, त्यांनी स्वतः बांधल्या होत्या.

त्यांना क्लिनर आठवला, मिस्त्री आठवला, पांढऱ्या सफारीतले जावई आठवले. सगळे खरं बोलत होते. एवढी वर्षं ट्रक ओढत होता आणि एकट्या त्यांनाच ते कळलं नव्हतं. लाज वाटली. लाजेच्या खाली आणखी काहीतरी होतं, घरचं माणूस रोज काही सांगत होतं आणि आपण ऐकलंच नाही, तसं.

"बाई," ते उठून म्हणाले, "यातली एक पट्टी सोडू का?"

शोभाताईंचा जीव वरखाली झाला. पट्टी सोडली की प्ले वाढणार. प्ले कमी झालाच पाहिजे यावर त्या ठाम होत्या, आणि शालिकराम म्हणत होते की पट्ट्यांनी प्ले जातच नाही, ते वेगळंच काम आहे. दोघांची बरीच वादावादी झाली, दोन वेगळ्या गोष्टींबद्दल, एकाच शब्दावरून. शेवटी तोड निघाली. दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा शालिकरामांनी पट्ट्या सोडून बसावं. दुकान उघडायच्या आत होत्या तशा बांधाव्यात. डावीकडेच.

असं ते सुरू झालं. मिलमध्ये दुपारी गाडी नसायची, तेव्हा शालिकराम सायकल मारत धरमपेठ गाठायचे. चार पट्ट्यांवर मोटार उजवीकडे जायची, हात शिव्या खायचे, आणि काही दिवसांनी चार पट्ट्यांवरही ती रेघेवर यायची. मग तीन. वासराचं दूध तोडायचं झालं तर एकदम तोडत नाहीत, तसंच ते हातांची सवय हळूहळू तोडत होते.

एक अडचण मात्र होती. रंगवलेल्या रस्त्यावर दोन झाडं आणि एक मैलाचा दगड होता, आणि तीच दोन झाडं पुन्हा पुन्हा यायची. कुठं चाललो आहोत हे कळल्याशिवाय शालिकरामांना गाडी चालवता येईना. मग त्यांनी जिजाबाईंना सोबत आणलं. जिजाबाई मशीनच्या डाव्या अंगाला, क्लिनर बसतो तिथं, स्टूलावर बसल्या आणि झाडं मोजायला लागल्या.

"हे कामठी. आता हे कन्हान, पूल आला, हळू घ्या."

"पूल कुठं हाय वं?"

"मी सांगून राहिली ना. हळू घ्या."

शालिकराम हळू घ्यायचे. मशीन एकाच वेगानं फिरायचं, पण ते हळू घ्यायचे. मनसरला जिजाबाई डबा उघडायच्या. रामटेकचा गड दिसला की सांगायच्या, आणि परत येताना हमखास पेंगायच्या. मध्येच जागं होऊन विचारायच्या, "अजी, कन्हान गेली का?" संसार सुरू झाल्यापासून त्या पहिल्यांदा नवऱ्याच्या गाडीत बसल्या होत्या, आणि ती गाडी वीतभर लांबीची, पत्र्याची होती. एकदा त्या म्हणाल्या, "तुमी चांगली चालवता." शालिकरामांनी मान वळवली नाही, कारण ड्रायव्हरनं वळवू नये. पण ती खेप त्यांना जन्मभर आठवली.

दिवाळीपर्यंत सगळ्या पट्ट्या सुटल्या. सुतासारख्या हलक्या स्टेरिंगवर लाल मोटार रेघ सोडत नव्हती. शालिकरामांनी गोपाळरावांना जाऊन मशीनची, रबराची सगळी हकीकत ऐकवली आणि सांगितलं, "हात सरळ झाले मालक."

नव्या धानाची पहिली खेप निघायच्या सकाळी परीक्षा ठरली. जिजाबाई धुतलेलं लुगडं नेसून मिलच्या गेटशी येऊन उभ्या राहिल्या. शालिकराम स्टेरिंगवर, शेजारी गोपाळराव, मागे रिकाम्या ट्रकमध्ये वसंत. समोर कवेलूवाला खाट उचलून घरात गेला होता.

शालिकरामांनी गेटबाहेर गाडी काढली, सरळ धरली, आणि गाडी हळूहळू डावीकडे वळत मिलच्या भिंतीलगतच्या भुशाच्या ढिगात शिरली. टपापर्यंत भुसा आला. गोपाळरावांना शिंका लागल्या.

"शालिक," ते शिंकांच्या मधून म्हणाले, "मी सरळ कर म्हनलं होतं गा. पार तिकडं कर नव्हतं म्हनलं."

स्टेरिंगवर ठेवलेल्या आपल्या हातांकडे शालिकराम बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भलतंच काहीतरी होतं. खेच लागली होती. तळहातांना, बोटांना, मनगटापर्यंत, स्पष्ट, जशी पट्ट्यांची लागायची तशी.

"मालक," ते म्हणाले, "गाडी ओढते."

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकल्याचं मिलमध्ये कुणालाच आठवत नव्हतं. मागून वसंत उडी मारून आला. "काहीच्या काही. गाडी बाणासारखी सरळ हाय. मी रोज चालवतो ना? यायले चालवता येत नाही, मालक." पोळ्याच्या सुमारास मनसरजवळ मैलाच्या दगडाला जरा लागली होती, हे त्यानं बरंच खोदून विचारल्यावर कबूल केलं. पण जराशीच.

गोपाळरावांनी भुसा झटकला आणि विचार केला. गाडी जशी आहे तशी वसंतला चालवता येते. शालिकला येत नाही. सीझन दारात उभा आहे. त्यांना यातून एकच वाट दिसली आणि ती त्यांनी मोठ्या प्रेमानं सांगितली.

"असं कर. तू त्या बाईच्या मशीनवर पुन्हा जाय. रबर बांध, आणि हात पहिल्यासारखे वाकडे करून ये. जमन तुले, आधी जमलंच होतं. मी थांबतो."

शालिकराम खाली उतरले. ड्रायव्हरची जागा पाच पट्ट्यांवर होती, आणि पाच पट्ट्या बांधणं म्हणजे एका दुपारचं काम. त्यांनी मालकाला आजवर कशालाही नाही म्हटलेलं नव्हतं.

"नाही मालक," ते म्हणाले. "मले आता समजते. पुन्हा न समजल्यासारखं नाही करायचं मले. गेटवर बसीन."

गोपाळराव गेटकडे वळले. "बाई, तुमी तरी समजवा याले."

"हे समजले आता, मालक," जिजाबाई म्हणाल्या. "तुमी गाडीले समजवा."

गोपाळरावांनी गाडीकडे पाहिलं. खरोखरच तिला काही सांगावं की काय, अशा बेतानं ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "मिस्त्रीकडे न्यावं लागन." वसंत लगेच पुढे झाला, तर त्याला हातानं अडवलं. "तू काहून? तुले तं ओढतच नाही. मिस्त्रीनं दुरुस्त केलं का नाही, हे तू कसं सांगशीन?"

वसंत मागे सरकला.

"शालिक, तूच ने. ओढणं थांबलं का मंगच परत आण."

शालिकराम पुन्हा चढले. भुशातून गाडी मागे घेतली, गेटसमोर आणली आणि उभी केली. नियम होताच, पण त्यांनी डावीकडचं दार आतून उघडलं. गोपाळराव शिंकत होते, त्यांना दिसलं नाही, किंवा दिसलं असेल. जिजाबाई लुगडं सावरत वर चढल्या, क्लिनरच्या जागेवर बसल्या आणि खाली रस्त्याकडे पाहून जरा घाबरल्या. एवढी उंच असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

गाडी निघाली. झाडं आली, आणि गेलेली पुन्हा आली नाहीत.

"वढते का?" जिजाबाईंनी विचारलं.

"वढते."

"मंग धरा ना नीट."

शालिकरामांनी धरलं.